आधी रात्रींचं ठरवा, मग तिकीट

पत्र

ताई, मी ३६ वर्षांची आहे. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा आजार, टाइप वन. निदान होऊन सात वर्षं झाली. लिथियम आणि रात्री क्वेटायपिन ही औषधं चालू आहेत. गेल्या अडीच वर्षांत आजाराचा एकही एपिसोड नाही. माझा धाकटा भाऊ परदेशात असतो, त्याला नुकतंच बाळ झालंय आणि तीन आठवडे त्याच्याकडे जाऊन राहायची माझी फार इच्छा आहे. त्याचं घड्याळ आमच्यापेक्षा साधारण सहा तास मागे, वाटेत एकदा विमान बदलायचं. अडचण अशी, की चार वर्षांपूर्वी एका कौटुंबिक सहलीत मी सलग तीन रात्री जवळजवळ झोपलेच नाही. खूप मजा आली, आणि परतल्यावर आठवड्याभरात मी हॉस्पिटलमध्ये होते. तेव्हापासून प्रवासाचं नाव काढलं की नवरा गप्प होतो. म्हणतो, मी बरोबर येईन, नाहीतर जाऊ नकोस. त्याला रजा मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मला चोवीस तास पहारा नकोय, पण त्याची भीती खोटी आहे असंही म्हणवत नाही. वहिनीला आजाराबद्दल काहीच माहीत नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: तिथे मला खूप छान वाटलं, तर ते नुसतं छान वाटणं आहे की पुन्हा तेच सुरू होतंय, हे ओळखायचं कसं?

उत्तर

जा. तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनी होकार दिला तर नक्की जा. अडीच वर्षं स्थिर राहणं ही काही छोटी कमाई नव्हे, आणि ती भाच्याच्या भेटीसाठी नाही वापरायची तर कशासाठी?

पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा एका वाक्यावर थांबले. तुम्ही लिहिता, सलग तीन रात्री झोपले नाही. घरच्यांच्या आठवणीत मात्र 'सहलीमुळे झालं' एवढंच उरलंय. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या थॉमस वेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक मुद्दा मांडला होता: मेनिया, म्हणजे मूड बेफाम वर चढण्याचा काळ, सुरू होण्याआधीची कारणं वरवर पाहता वेगवेगळी असतात. कुणाचं लग्न, कुणाचं जाणं, बाळंतपण, परीक्षा, प्रवास. पण त्यातली बरीचशी एकाच वाटेने आत शिरतात, झोप कमी करून. झोप कमी झाली की मूड वर चढतो, मूड चढला की झोप आणखी कमी होते, आणि मग हे चक्र आपलं आपणच फिरायला लागतं. म्हणून तुमच्यासाठी प्रवासाचा आराखडा म्हणजे रात्रींचा आराखडा. आधी रात्री बसवा. दिवस आपोआप बसतील.

सुरुवात निघण्याच्या आदल्या दोन रात्रींपासून करा. बहुतेकांची झोप विमानात बसायच्या आधीच गेलेली असते, कारण बॅगा रात्री दोनपर्यंत भरल्या जातात. तुमची बॅग दोन दिवस आधी बंद झाली पाहिजे. राहिलेलं राहू द्या. विमान निवडताना भाडं आणि एकूण तास याआधी हे बघा, की त्यात रात्र किती मोडते. पहाटेचं विमान म्हणजे ती रात्र गेलीच. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. सकाळी निघून तिथल्या संध्याकाळी पोचवणारं विमान मिळालं, तर शीण येईल, पण एकही रात्र न गमावता तुम्ही अंथरुणाला टेकाल. विमान बदलायच्या ठिकाणी पाच-सहा तास रात्री खुर्चीत काढण्यापेक्षा तिथे एक रात्र मुक्काम करून पुढे जाणं परवडत असेल, तर तो खर्च मी औषधाच्या खर्चातच धरेन.

आता एक गोष्ट, जी घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. सगळ्यांचं लक्ष जाण्याकडे असतं, पण तुमची खरी परीक्षा परत येताना आहे. माणसाच्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. पश्चिमेकडे जाताना उशिरा झोपायचं असतं, पूर्वेकडे येताना लवकर. त्यात पूर्वेकडचा प्रवास बहुधा रात्रीचा, आणि ती रात्र सहा तासांनी आखूड. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून मनोरुग्णालयात दाखल झालेल्या प्रवाशांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे आलेल्यांमध्ये नैराश्य जास्त दिसलं, आणि हायपोमेनिया, म्हणजे मेनियाचं सौम्य रूप, पश्चिमेकडून पूर्वेकडे आलेल्यांमध्ये जास्त. तो दाखल झालेल्या रुग्णांचा अभ्यास होता, त्यावरून प्रत्येक प्रवाशाचं भविष्य सांगता येत नाही. पण तुमचा स्वतःचा अनुभवही तेच सांगतो ना? हॉस्पिटल परतल्यावरच लागलं होतं. तेव्हा परतीनंतर निदान तीन-चार दिवस कामाला हात लावू नका. पाहुणे नकोत, समारंभ नकोत. सकाळी उन्हात थोडं चाला, संध्याकाळी दिवे मंद ठेवा, फोन लांब ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत डॉक्टरांची भेट आत्ताच ठरवून टाका.

तिथे पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळीच डोळे मिटायला लागतील आणि पहाटे फार लवकर जाग येईल. घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं. अंगात जडपणा असेल, मन जरा उतरलेलं असेल. एवढ्यावरून सगळा प्रवास वाया गेला असं ठरवू नका. पहिल्या आठवड्यात एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. पण उदासी उतरतच राहिली, कशातच अर्थ वाटेना, किंवा मरणाचे विचार यायला लागले, तर 'जेट लॅग असेल' म्हणून गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी भावाला आणि डॉक्टरांना सांगायचं.

पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी जी उपचारपद्धत बांधली, तिचा गाभा अगदी साधा आहे: उठण्याची वेळ, दिवसात पहिल्यांदा कुणाशी बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपण्याची, एवढ्या वेळा रोज शक्य तितक्या एकसारख्या ठेवायच्या. परक्या घरात सगळ्या पाळणं अवघड असतं. निदान उठायची आणि झोपायची वेळ सोडू नका.

आणि ते घर साधंसुधं नाही, बाळाचं घर आहे! या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. तान्हं मूल दर दोन-तीन तासांनी उठतं. आई-बाबा दमलेले. आत्या लांबून आलेली, प्रेमाने उतू चाललेली. तिसऱ्या रात्री तुम्ही म्हणणार, 'तुम्ही झोपा, मी घेते त्याला.' असं म्हणायचं नाही. रात्रीचं बाळ तुमचं नाही, हे जायच्या आधीच भावाशी ठरवा. तुम्हाला दार लागणारी वेगळी खोली हवी, कानात घालायचे बोळे हवेत, आणि खोली मिळणार नसेल तर जवळपास राहायची सोय हवी. पण मदत केल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, आणि का पडावी? मग सकाळ मागून घ्या. सहा ते दहा बाळ तुमच्याकडे, त्या वेळात ते दोघं झोपतील. नव्या आई-बापांना रात्रीच्या जागरणाच्या सोबतीपेक्षा सकाळची सलग झोप जास्त गोड लागते. शिवाय पहिल्या आठवड्यात तुम्ही पहाटेपासून जाग्याच असाल.

यासाठी वहिनीला सांगावं लागेल. आजाराचं सगळं पुराण, हॉस्पिटलची हकिकत, काही नको. पण काहीच नाही सांगितलं तर तुमचं रात्री दार लावून झोपणं तिला अलिप्तपणा वाटेल. एवढं म्हटलंत तरी पुरे: 'मला बायपोलर आहे, औषधं चालू आहेत, बरी आहे. पण झोप मोडली तर मी आजारी पडू शकते, म्हणून रात्री मी उठणार नाही. सकाळ माझी.' तिने जास्त विचारलं तर जास्त सांगा. भावाला मात्र सगळं माहीत हवं. तुमच्या बिघाडाची पहिली लक्षणं कोणती, डॉक्टरांचा नंबर कोणता, रात्री-अपरात्री कुठल्या हॉस्पिटलात जायचं, हे त्याच्याकडे लिहिलेलं असू द्या.

औषधांचं बोलू. लिथियमच्या बाबतीत उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं. नेहमीच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर गेली की धोका सुरू. जुलाब, उलट्या, ताप, खूप घाम यांनी अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं कमी करतात आणि पातळी चढते. प्रवासात पोट बिघडणं काही दुर्मिळ नाही. पाणी पीत राहा, अचानक अळणी खाणं सुरू करू नका. अंगदुखीसाठी कुणी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेन पुढे केलं तर नको म्हणा, त्यांनीही पातळी चढते. पॅरासिटामॉल चालतं. हात नेहमीपेक्षा जोरात थरथरायला लागले, बोलताना जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला, गोंधळल्यासारखं झालं, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा. पोट बिघडलं तर डोस थांबवायचा का, कधी थांबवायचा, हे जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. डोसच्या वेळा नव्या घड्याळावर कशा सरकवायच्या, तेही तारखेवार कागदावर घ्या. विमानात बसून सहा तास मिळवायचे की वजा करायचे याचा विचार करू नये. एखादा डोस चुकलाच, तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. क्वेटायपिनचंही तसंच: पुढे तीन तासांत विमान बदलायचं असेल तर ती गोळी घेऊन तुम्ही झोपेत धडपडाल. त्या रात्रीचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारा.

गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांसकट, लागतील त्यापेक्षा आठवड्याभराच्या जास्त. सोबत औषधांची मूळ नावं (ब्रँडची नव्हे) असलेलं प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं पत्र. झोपेसाठी क्लोनाझेपामसारखी गोळी दिली असेल तर त्या देशाचा नियम आधी तपासा. ही औषधं आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली येतात आणि किती न्यायची, कुठला कागद लागतो, हे देशागणिक बदलतं. विमान मध्येच बदलता त्या देशाचाही नियम बघा. प्रवासाचा विमा काढताना आजार लपवू नका, नाहीतर नेमका हवा तेव्हा तो विमा कामी येणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी, ज्यांचा प्रवास किंवा औषध वेगळं आहे, दोन शब्द मध्येच घालते. मूड स्थिर ठेवणारं लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांची बॅग हरवून सलग पाचहून जास्त दिवस गोळी चुकली, तर पुन्हा थेट जुना डोस सुरू करायचा नसतो. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टर पुन्हा अगदी थोड्यापासून चढवत नेतात. मलेरियाच्या भागात जायचं असेल तर मेफ्लोक्विन बायपोलर असलेल्यांनी टाळायचं, दुसरे पर्याय आहेत. उंच डोंगरात जाताना देतात ते ॲसिटाझोलामाइड लिथियमची पातळी खाली आणू शकतं, आणि डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स मूड वर ढकलू शकतात. सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी झोप उडवते. म्हणजे प्रवासासाठी 'सगळेच घेतात' ती गोळी तुम्ही विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. भाच्याला पहिल्यांदा हातात घ्याल तेव्हा डोळे भरून येतील, भावाशी जुन्या गोष्टी निघतील, सकाळी आरशात चेहरा खुललेला दिसेल. हे सगळं व्हायलाच हवं. बायपोलरसोबत राहणाऱ्यांना हा एक जाच असतो, की प्रत्येक हसण्याची झडती घ्यावीशी वाटते. तासातासाला स्वतःला तपासू नका. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, किती तास झोपले, गोळ्या घेतल्या का आणि मूड एक ते दहात किती, एवढं वहीत लिहा आणि वही मिटा.

फरक कुठे दिसतो? सगळ्यात आधी थकव्यात. जेट लॅग असलेला माणूस पहाटे तीनला उठतो आणि दुपारी पेंगतो. त्याला झोप हवी असते, येत नसते. मूड वर जाणाऱ्याला झोप नकोशीच होते. चार तास झोपून उठलात आणि दिवसभर अंगात वीज खेळते आहे, पेंग नाही, कंटाळा नाही, तर ती आनंदाची बातमी समजू नका. दुसरी खूण थांबण्यात. आनंदात असलेल्या माणसाला 'हे उद्या करू' म्हटलं तर तो थोडा हिरमुसतो आणि उद्यावर टाकतो. वर जाणाऱ्याला तेच वाक्य अपमानासारखं लागतं. म्हणून एखादी मोठी खरेदी, नोकरी सोडण्याचा विचार, परतीचं तिकीट पुढे ढकलण्याची कल्पना असं काही सुचलं, तर दोन रात्रींची झोप मध्ये जाऊ द्या. त्यानंतरही सुचत असेल तर बघू. कार्डाची मर्यादा निघण्याआधीच कमी करून ठेवलीत तर हे पाळणं सोपं जाईल.

तिसरी खूण फक्त तुमच्यापाशी आहे, माझ्यापाशी नाही. चार वर्षांपूर्वी पहिल्या दोन दिवसांत काय काय झालं होतं? रात्री मेसेजेसचा पाऊस पडला होता? सगळे फार हळू बोलताहेत असं वाटत होतं? जुन्या मित्रांना एकामागून एक फोन झाले होते? प्रत्येकाचा मूड आपल्या ठरलेल्या दारातूनच शिरतो. नवऱ्यासोबत बसून ती यादी करा. त्याला आठवतंय ते तुम्हाला आठवणार नाही, आणि तुम्हाला आतून जाणवलेलं त्याला दिसलेलं नसेल.

म्हणजे नवऱ्यापाशी आलो. त्याचं गप्प होणं मला समजतं. तुम्ही त्या आठवड्यातून औषधांच्या गुंगीत गेलात, तो पूर्ण जागेपणी गेला. त्याला पहारा हवा आहे असं मला वाटत नाही, त्याला माहिती हवी आहे. रोज सकाळी त्याला एक मेसेज जाईल: झोप किती तास, गोळ्या घेतल्या. त्याच्या बाजूने बंधन असं, की त्यापलीकडे तो विचारणार नाही. बोलताना आवाजाचा वेग मोजणार नाही, भावाला गुपचूप फोन करणार नाही. तुमच्या बाजूचं बंधन जास्त कडक आहे. दोन रात्री लागोपाठ पाच तासांच्या आत झोप झाली आणि तरीही दिवसा पेंग आली नाही, किंवा त्या यादीतल्या दोन गोष्टी दिसल्या, आणि तो म्हणाला 'डॉक्टरांशी बोल', तर वाद न घालता त्याच दिवशी बोलायचं. तेव्हा तुम्हाला तो चुकतोय असंच वाटेल. मूड वर जाताना आपण आजारी आहोत ही जाणीवच आधी सुटते, म्हणूनच हे आत्ता, शांत असताना ठरवायचं. पाच तासांचा आकडा मी उदाहरण म्हणून दिला. तुमचा आकडा आणि त्या वेळी कुठली गोळी किती वाढवायची, हे डॉक्टर ठरवतील.

डॉक्टरांकडे निघायच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, महिना-दीड महिना आधी जा. लिथियमची पातळी तपासायची, म्हणजे शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, आणि काही बदल केला तर तो अंगी बसायला वेळ हवा. शक्य असेल तर नवऱ्यालाही त्या भेटीला न्या. त्याच्या मनातले प्रश्न तुमच्यासमोर निघणार नाहीत, डॉक्टरांसमोर निघतील.

आणि डॉक्टर म्हणाले 'आत्ता नको', तर 'कधी' हे विचारून घ्या. बाळाचे पहिले महिने त्या घरात कुणालाच झोप नसते. तीन-चार महिन्यांनी तेच बाळ रात्री जरा जास्त झोपेल, आत्याकडे बघून हसेल, आणि तुम्हाला सकाळची पाळीसुद्धा सोपी जाईल.